दोन मीटर आणि आमची पल्लवी

रविवारी दवनीवाड्याच्या आमच्या राईस मिलमध्ये दोन मीटरांचं भांडण पाहिलं. मी तिसरी शिकलेली, फोनवर बोलून बोलून लिहून राहिली आहे... चुकलं तर समजून घ्या.

नात पल्लवी, लेकीची लेक, नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रोजेक्ट मीटरवर. काम करणारी वीज निराळी, आणि तारेत नुसती येरझारा घालणारी निराळी म्हणे... ही दुसरी वीज मीटर बरोबर मोजतं का, ते पाहायचं. (अशी माणसंही असतात घरात, जाऊ द्या.)

माझा मुलगा दिलीप, म्हणजे तिचा मामा, खूश होता. बिल लई येतं, तर मिलचं मीटर खराब आहे असं भाची लिहून देईल, ही आशा. तिने मिलच्या मीटरशेजारी कॉलेजातून आणलेलं मीटर जोडलं तर आकडे जुळेनात! दिलीप टाळ्याच वाजवायला लागला.

मग तिने मोटरचा वेग बदलणारं नवं मशीन बंद करून मोटर सरळ लाईनवर चालवली. आकडे सारखे! मशीन लावलं की पुन्हा वेगळे...

"मामाजी, दोन्ही मीटर चांगले आहेत. या मशीननं विजेची लाट वाकडीतिकडी होते. मग प्रत्येक मीटर आपल्या रीतीनं मोजते."

"मंग खरं कोणतं?"

"ते मले आज सांगता नाही येत."

"मंग आली काऊन? खराब आहे असं लिही, नाही तर उचल सामान!"

सोमवारी सरांना रिपोर्ट द्यायचा, अजून अर्धं मोजायचं बाकी. पोरीचे डोळे भरले... पण खोटं लिहीन म्हणाली नाही. वायरी सोडायला लागली.

मला राहवलं नाही. "बाबू, खळ्यावर मी अन् तुई काकू एकाच पायलीनं मोजत होतो. उफणलेला धान दोघींचा सारखाच भरे. कोंडा-काडी राहिली की फरक पडे. काकू हालवून, दाबून भरे, मी नुसती ओतो. तवा का पायली फोडली तुया बापानं?"

हमाल हसले. दिलीपही हसला, मान खाजवत. "जोड वो बाई परत," म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत स्वतः वही धरून तिचे आकडे लिहीत बसला.

आमच्या घरात चूक कोणाची ते आधी ठरतं, मोजणं मागून. ही पोरगी आधी मोजते... आणि कळलं नाही तर नाही म्हणते. कुठून शिकली, देव जाणे. मला लई बरं वाटलं.