जर्मन भिंगावरची कोरी काच

लोक अजूनही मला विचारतात, की तुम्ही भिंगावर राखणीची काच का लावत नाही? एवढं महागाचं जर्मन भिंग, आणि ते खामगावात, जिथं कापसाच्या दिवसांत श्वास घेतला तरी रुई नाकात जाते, तिथं तुम्ही उघडं ठेवता? मी हसतो आणि म्हणतो, आमच्या उस्तादांची तशी शिकवण आहे. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मी सहसा सांगत नाही, कारण सांगायला बसलो की अजून डोकं तापतं.

मी आणि माझा भागीदार, दोघंही बीबी गावचे. शाळेत एका पाटीवर दोघं लिहायचो आणि मार खायचा तर तोही जोडीनंच खायचो. मिसरूड फुटायच्या आत दोघंही खामगावला एकाच उस्तादांकडे फोटोचं काम शिकायला आलो. उस्ताद मुसलमान, वयानं आमच्या बापाच्या वरचे, फोटोच्या औषधांनी बोटं कायमची काळी पडलेली. त्यांनी आम्हा दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही. शिकून झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून कापूस बाजाराजवळ आमचं दुकान टाकलं. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, मागे काळं कापड, पुढे भिंग. भिंगाची टोपी काढायची, मनात आकडे म्हणायचे, टोपी परत घालायची, आतल्या काचेच्या प्लेटीवर झाला फोटो.

आमचं पहिलं भिंग जुनं होतं, आणि त्याच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता. तो मीच उडवला होता, माझ्याच हातून पडलं होतं. त्या भिंगातून माणूस दिसायचा, पण त्याच्या पापण्या दिसायच्या नाहीत. मला पापण्या पाहिजे होत्या. दुसरं काय सांगू? बीबीच्या वावरातला माझा हिस्सा मी थोरल्या भावाला विकून टाकला आणि मुंबईहून जर्मन भिंग मागवलं. बायको म्हणाली, "वावर इकून काच आणली बाई आमच्या यायनं!" आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पण तिचा पहिला फोटो त्या भिंगातून काढला, नथीतला मोती न् मोती वेगळा दिसला, तेव्हा गप्प बसली. आता गावी परतायला मला वावर नव्हतं. जे काही होतं ते त्या काळ्या नळीत होतं.

मग कापूस आला. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, सरकी काढणाऱ्या जिनांचा आवाज, आणि हवेत रुईच रुई. भिंगावर सारखे तंतू बसायचे. पुसायला जावं तर धुळीनं चरे पडायची भीती. मी रात्रंदिवस त्याच घोरात. तेव्हा माझा भागीदार म्हणाला, "इतका जीव कायले जाळतं बे? त्याच्यावर कोरी काच लावून टाकू. पुसाची तर काच पुसू. भिंगाले हातच नाही लागला पाह्यजे."

काम त्यानंच केलं सगळं. एका वाया गेलेल्या फोटोच्या काचेवरचा मसाला गरम पाण्यानं धुतला, ती गोल कापून आणली, तांबटाकडून पितळेचं कडं करून घेतलं, आणि ते कडं भिंगावर बसवून चारी बाजूंनी लाख ओतली. आत धूळ जायला फट राहिली नाही. भिंगाभोवती जर्मन अक्षरं कोरलेली होती, ती कड्याखाली झाकली गेली. मी त्याला मिठीच मारली. बायकोच्या हातानं त्याला गोडाचं जेवण घातलं.

उस्तादांना दाखवायला गेलो तर ते भडकले. "बेटा, इतकं चांगलं भिंग घेतलं अन् त्याच्या तोंडावर फुटक्या प्लेटीचा तुकडा बांधला? जे साफ दिसते त्याच्यावर परदा कायले? ब्रश ठेव, हात हलका ठेव, रोज त्याच्याकडे पाह्य." मी तरुण, डोक्यात हवा. मी म्हणालो, "उस्ताद, तुमच्यापाशी असं भिंग नाही म्हणून तुमाले जळू राह्यलं." तोंडावर म्हणालो! ज्यांनी मला टोपी कशी धरायची ते शिकवलं त्यांना! भागीदारानं बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली, "बरोबर बोलला. म्हाताऱ्याचं सोड." त्यानंतर मी उस्तादांच्या दारात गेलो नाही.

एक वर्ष बरं गेलं. पापण्या थोड्या मऊ झाल्या होत्या, काचेनं तेवढं होणारच, पण काम चोख होतं. टवक्याचं जुनं भिंग भागीदारानं शेगावच्या कोणाला विकलं असं मला सांगितलं, मी हो म्हणालो. त्याच्या शब्दावर मी दुसरा प्रश्न कधी केला नव्हता.

मग आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, तो म्हणाला, मी वेगळा निघतो. आमच्याकडे माणसं आखाजीलाच धनी बदलतात, जुनं संपवतात, नवं धरतात, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. बुलढाण्याला कचेऱ्या आहेत, वकील आहेत, साहेब लोक आहेत, तिथं फोटोचं दुकान चालेल, असा त्याचा विचार. जोडीला दुकानात पडून असलेला, भिंग नसलेला जुना कॅमेरा त्यानं मागितला, मी दिला. निघायच्या दिवशी मी त्याच्या सामानासाठी मोटारवाल्याशी घासाघीस करायला गेलो होतो, दुकानात तो एकटाच होता. परत आलो, त्याच्या हातात नारळ दिला, आणि सांगायला लाज वाटते, पण मी रडलो. तोही रडला. त्याचं ते रडणं मी आजही खोटं म्हणू शकत नाही, आणि हीच मोठी चीड आहे.

त्यानंतर माझे फोटो बिघडायला लागले. एक जमीनदार आले, फोटो हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, माह्या मिश्या कोठी गेल्या? घरून तं घेऊन आलो होतो." लोक हसले. मीही हसलो. एका नवरीचा बाप फोटो दुकानातच ठेवून गेला. मी औषध बदललं, काचा बदलल्या, खिडकीचं कापड बदललं. उन्हाळ्याला दोष दिला, मग पावसाळ्याला दिला. शेवटी वाटलं, उस्ताद खरंच बोलले असतील, ही राखणीची काचच खोटी. पण काढायची छाती होईना. मग मी काय केलं असेल? भागीदाराला पत्र लिहिलं. सल्ला विचारला! त्याचं कार्ड आलं: "काच काढू नको. लाख तुटली तर धूळ आत जाईल आणि भिंग कायमचं जाईल. औषध पाहा." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. मी तर दळून वर कुत्र्यालाच विचारत होतो, पीठ कमी का येतंय म्हणून.

खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रत्येकजण आपली हत्यारं पुजतो, लोहार घण पुजतो, सुतार रंधा पुजतो, आम्ही कॅमेरा पुजायचो. आदल्या वर्षी बायकोनं त्या कोऱ्या काचेवरच कुंकवाचं बोट लावलं होतं, आणि मी म्हणालो होतो, बघ, काचेचा असाही उपयोग. या वर्षी ती तबक घेऊन उभी राहिली आणि माझ्या एकदम ध्यानात आलं. दोन वर्षं होत आली, मी माझ्या भिंगाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी पूजत होतो ते कडं आणि वाया गेलेल्या प्लेटीचा तुकडा. म्हणालो, "थांब. आज काय व्हाचं ते होऊ दे." सुरी चुलीत तापवली, लाख सोडवली, कडं निघालं.

काठावर तांदळाएवढा टवका होता.

मी तो पुसून पाहिला, जसा काही पुसल्यानं जाणार होता. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी टवक्यावर बोट ठेवलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. जुनं भिंग त्यानं शेगावला विकलंच नव्हतं; निघायच्या दिवशी दुकानात एकटा असताना भागीदारानं दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली, कडं या भिंगावर चढवलं, नव्यानं लाख ओतली, आणि मी पाच महिने रोज सकाळी मऊ कापडानं ती काच पुसत होतो, जर्मन भिंग सांभाळतो म्हणून.

कोणापाशी जायचं? लाज गुंडाळून उस्तादांकडेच गेलो, बिघडलेले फोटो घेऊन. त्यांनी वरचाच फोटो पाहिला आणि खाली ठेवला. म्हणाले, "तुह्यं भिंग तुह्यापाशी नाही, हे मले आखाजीनंतरच समजलं. तुह्या दुकानाच्या बाहेर फोटो टांगलेले असतात न, मी रोज नमाजले तिकूनच जातो."

"मंग सांगतलं काऊन नाही, उस्ताद?"

"सांगतलं असतं तं तू काय म्हटलं असतं, बेटा?"

पण खरं सांगू, राग आला मला. तेही पाच महिने रोज माझ्या दारावरून गेले, आणि मला बुडताना पाहत गेले. माझी चूक होती, हो. तरी राग आला.

दसऱ्याच्या दिवशी पहिल्या मोटारीनं घाट चढून बुलढाण्याला गेलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही, बाहेर नव्या कपड्यांतली माणसं फोटोसाठी बसली होती. मला पाहताच त्यानं आपट्याची पानं पुढे केली, "घे, सोनं घे." सवयीनं माझा हात पुढे गेला, मी तो मागे घेतला. तेव्हा त्याला कळलं. त्यानं दार लोटून घेतलं.

भिंतीवर त्याचे फोटो होते. एक म्हातारी होती, तोंडावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. एक मूल, पापण्यांना पाणी लागलेलं. इतके चांगले फोटो त्या भिंगातून मी कधी काढले नव्हते. शिव्या पाठ करून आलो होतो, आणि फोटोच पाहत उभा राहिलो.

"काऊन केलं बे असं? माह्यं वावर गेलं त्याच्यात. तुले मालूम नोतं काय?"

"मालूम होतं," तो म्हणाला. "पण तू त्याले निस्ता जपत होता. मी म्हटलं, महिना-दोन महिने वापरतो. तुले फरक समजला अन् तू आला, तं वापस देऊन टाकीन. तुले समजलंच नाही. मले बी वाईट वाटलं त्याचं."

वाईट वाटलं म्हणे! माझ्याच भिंगाचा चोर माझीच कीव करत होता. मी त्याच्या अंगावर गेलो असतो, पण तो तोवर खाली बसून कॅमेऱ्याचं भिंग सोडवायला लागला होता, अगदी हलक्या हातानं. त्यानं ते रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. भिंगावर चरा नव्हता, धूळ नव्हती. उघडंच वापरलं होतं.

आता निघायचं होतं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पाय निघेना. भिंग तर मिळालं, पण दोन वर्षांपूर्वी ती काच बसवताना आम्ही जे हसलो, मी त्याला जी मिठी मारली, ती कोणाला मारली हे मला कळायला पाहिजे होतं.

"एकच सांग," मी म्हणालो. "ती काच बसवली, तवापासूनच होतं काय हे तुह्या मनात?"

नाही म्हणाला असता तर मी अर्धा का होईना विश्वास ठेवला असता. हो म्हणाला असता तर कायमचा मोकळा झालो असतो. त्यानं खरोखर आठवून पाहिलं.

"आता याद नाही राह्यलं गा," तो म्हणाला, आणि आज फोटो निघणार नाहीत हे बाहेरच्या गिऱ्हाइकांना सांगायला गेला.