माझी शिडी गणेशनं धरली

मी कच्छमधी पवनचक्क्यांवर चढायचं काम करतो. बाबांचा फोन आला, "ये. फाट्यावरला आपला झेंडा उतरवायचाय. आपल्यातलंच माणूस पाहिजे, अन् उंचीची सवय तुलाच हाय." रजा टाकली आणि निघालो.

कुणाला यायचं असेल तर रस्ता सांगतो. भुजवरून रेल्वेनं सुरत, तिथून नाशिकची एसटी. सापुताऱ्याच्या घाटात पोट ढवळतं, जेवून बसू नका. वणी सोडली की दोन्ही अंगाला द्राक्षबागा. दिंडोरीच्या अलीकडं आमचा फाटा. वाइनरी बघायला येणारे इथंच चहा पितात.

उतरून वर बघितलं तर मान दुखली. एसटी स्टॉपच्या एका कोपऱ्याला मराठा आळीचा भगवा, दुसऱ्याला आमच्या बौद्धवाडीचा निळा. एकानं बांबू वाढवला की दुसऱ्यानं वाढवायचा. बांबूला बांबू बांधत दोन्ही झेंडे लिंबाच्या शेंड्यावर गेलेले. त्यातूनच मारामारी झाली. तेव्हापासून वाडीतलं कुणी मराठा आळीच्या बागांत द्राक्षं खुडायला गेलं नाही. तिकडं घड पिकून लोंबत होते, इकडं आईची कात्री खुंटीला.

शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं बसली. ठरलं असं की झेंडे एकाच वेळी उतरवायचे. निळा विहारावर लावायचा, भगवा देवळावर. चढणारा ज्याचा त्याचा, पण शिडी धरणारा समोरचा.

माझी शिडी धरायला गणेश आला. आम्ही एका बाकावर बसलो, शाळाही बरोबरच सोडली. मारामारी झाल्यापासून त्यानं माझा फोन उचलला नव्हता.

"काय रे पवनचक्की, सेफ्टीचा पट्टा नाय आणला?" मराठा आळीतले तात्या ओरडले. "पडलास तर बोल आम्हाला लागंल!"

सगळे हसले. गणेश नाही हसला.

मी पायरीवर पाय ठेवला. "धरली का?"

"धरलीय."

"सोडू नको."

"चढ ना."

वर बांबू डुलत होता. गाठी उन्हानं घट्ट झालेल्या. खाली बघितलं तर गणेशच्या हाताच्या शिरा फुगलेल्या, नजर माझ्या पायांवर. झेंडा घडी करून छातीशी धरून उतरलो. पलीकडं माझ्या चुलत्यानं धरलेल्या शिडीवरून भगवाही खाली आला. बाबा झेंडा घेऊन विहाराकडं चालू लागले. वळलो तर गणेश शिडी खांद्यावर टाकून निघालेला.

"चहा घेऊ," मी म्हटलं.

"बागेत लय काम हाय," म्हणाला आणि गेला.

सकाळी आई कात्री घेऊन त्याच्याच बागेत खुडायला गेली.

परतीचं एक लक्षात ठेवा. फाट्यावर सुरतची गाडी भरून येते. मी उलटा नाशिकला गेलो, सीबीएस स्टँडजवळ मिसळ खाल्ली आणि सुरतच्या गाडीत खिडकी धरली. गाडी आमच्या फाट्यावरून गेली, थांबली नाही. स्टॉप बोडका दिसला.

"हे कुठलं गाव?" शेजारच्यानं विचारलं.

"आमचं," म्हटलं.

खोलीवर येऊन गणेशला मेसेज टाकला, पोचलो. त्यानं वाचलेला दिसतोय. उत्तर नाही. गावातलं मिटलं, बागा खुडून झाल्या, आई खूश आहे.

इथं चढताना मी पट्ट्याचा हुक लावतो, खालून जोडीदार विचारतो, "बराबर?" मी हो म्हणतो. पट्टा पक्का असतो. तरी पहिल्या पायरीवर थोडा थांबतो. खालून 'धरलीय' ऐकू यायचं राहिलंय असं वाटतं.