आतली कडी

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी बिजागऱ्यांच्या भावावरून हुज्जत घालत होतो. पलीकडून इस्पितळातली एक बाई कन्नडमध्ये विचारत होती, इंदिराबाईंचे आपण कोण. धाकटा भाऊ, मी म्हणालो. बरी आहे ना ती? बाई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सार, तुम्ही या." बस, एवढंच. पंचवीस वर्षं व्यापारात काढल्यावर समोरचा माणूस काय लपवतोय ते त्याच्या गप्प बसण्यावरून कळायला लागतं. गिऱ्हाइकाला मी त्याच्या भावात माल देऊन टाकला. तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात असं मी पहिल्यांदाच केलं असेन.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. इस्पितळाच्या सुधारणा समितीचं दुखवट्याचं पत्र आलं आहे, छान छापलेलं. त्यात लिहिलं आहे की रुग्णांच्या प्रतिनिधी या नात्याने इंदिराबाईंनी केलेल्या दहापैकी नऊ सूचना अमलात आल्या आणि हेच त्यांचं खरं स्मारक आहे. ते पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. बायकोने दोन्ही वेळा हातातून काढून घेतलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे. दहावी सूचना काय होती, ते कुणीतरी लिहायला हवं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे बाबा बंगळुरात, चामराजपेटेत शिंपीकाम करायचे आणि त्यांच्या कपड्यांची काजं अक्का करायची. असं काज की कोट फाटेल पण काज उसवणार नाही. मी शाळा सोडून शिवाजीनगरच्या फुटपाथवर गोणपाटावर कड्या-कोयंडे मांडून विकायला लागलो, तेव्हा दुपारचा डबा घेऊन तीच यायची आणि उन्हात माझ्या शेजारी बसून गिऱ्हाइकांना कन्नडमध्ये हाका मारायची. पुढे तिची झोप उडाली. आधी आठवड्यातून एखादी रात्र, मग रोज. तिला माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले, ती रस्त्यावर जाऊन उभी राहू लागली आणि एक दिवस बाबांनी सही करून तिला सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं. दोन महिन्यांसाठी म्हणून ठेवलं होतं... ती आठ वर्षं राहिली. बाबा गेल्यावर, माझं स्वतःचं दुकान झाल्यावर, मीच तिला भांडून घरी आणलं. भांडून हा शब्द मी उगाच वापरत नाही. तीन टेबलांवर भांडलो.

घरी आली ती शांत, बारीक झालेली, केस कापलेले. गोळ्या वेळेवर घ्यायची, सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, भाजी निवडून द्यायची. एकच सवय विचित्र होती. सुमन न्हाणीघरात गेली की अक्का उठायची, बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभी राहायची आणि हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची. आज पडवळ आणलंय, समोरच्यांच्या गच्चीत कपडे वाळत घातलेत, असं काहीही. सुमन आतून वैतागायची. "वन्सं, जा ना तुम्ही! आत कडी आहे की!" अक्का म्हणायची, "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, आणि तिथेच उभी राहायची.

याचा उलगडा झाला तो पुढे दीडेक वर्षाने. इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात न्हाणीला आणि संडासाला दारं होती, पण आतून कडी नव्हती. कुणी आत कोंडून घेऊन जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, हे कारण. त्यामुळे दार कुणीही कधीही ढकलायचं... सफाईवाला, वॉर्डबॉय, कुणीही. मग बायकांनीच आपली रीत काढली. प्रत्येकीची एक जोडीदारीण. एक आत गेली की दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायची आणि बोलत राहायची, म्हणजे आतलीला कळावं की ती अजून आहे. आवाज थांबला की आतून प्रश्न यायचा, "इद्दीया?" आहेस का? बाहेरून उत्तर, "इद्दीनी." आहे. अक्काची जोडीदारीण मल्लम्मा नावाची एक बाई होती. आठ वर्षं त्या दोघींनी एकमेकींच्या दाराला पाठ लावली.

हे अक्काने मला सांगितलं नाही. ती समितीसमोर बोलली, तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. वरून हुकूम सुटला होता की सरकारी मनोरुग्णालयांच्या सुधारणा समितीत एक तरी बरा झालेला रुग्ण असलाच पाहिजे. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांनाच विचारा, अशी नवी हवा होती तेव्हा. यादीत शोधता शोधता त्यांना अक्का सापडली. लिहितावाचता येणारी, कन्नड नीट बोलणारी, आरडाओरडा न करणारी. मी खूश झालो होतो, खोटं कशाला सांगू. ज्या इमारतीत तिला नंबराने हाक मारायचे, तिथे आता तिच्यासाठी खुर्ची मांडणार होते. नातेवाईक म्हणून मलाही मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली.

पहिल्या बैठकीत तिला विचारलं, तुमची काय सूचना आहे. ती उभी राहिली आणि म्हणाली, न्हाणीला आतून कडी द्या. आणि मग ती जोडीची हकीकत तिने सांगितली, काजं करावीत तशी, एकेक टाका सावकाश. अधीक्षक म्हणाले, "अम्मा, याचा विचार करू," आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

बसमधून परतताना मी तिच्यावर चिडलो. "अक्का, असं मागतात होय? एकच गोष्ट मागितली की समोरच्याला एकदाच नाही म्हणावं लागतं. सुटतो तो."

"मग कसं मागतात?"

"दहा मागायच्या. त्यातल्या नऊंवर पाणी सोडायचं. समोरच्याला वाटतं आपण जिंकलो. आणि आपल्याला हवी ती दहावी घेऊन उठायचं."

तिने तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "पण दत्तू, बाकीच्या नऊ मला नकोच आहेत."

"तेच तर! नको असतं तेच आधी मागायचं."

"तुझा धंदा तू जाण, बाबा," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मला त्या बसमधलंच शेवटचं आठवतं.

यादी मीच केली. भिंतींना रंग, खिडक्यांना पडदे, टीव्ही, बागेत बाक, पत्र्याच्या थाळ्यांऐवजी स्टीलच्या, सणाला गोड... अशा नऊ आणि शेवटी कडी. दुसऱ्या बैठकीला मी खिशात एक नमुना नेला होता. आतून लागणारी, पण प्रसंग आलाच तर बाहेरून नाणं फिरवून उघडता येईल अशी कडी. म्हणजे त्यांचं कारणच शिल्लक राहणार नव्हतं. माझ्या हिशेबाने सौदा झाल्यातच जमा होता.

त्यांनी यादी वरून वाचायला घेतली. रंग, मंजूर. पडदे, मंजूर. टीव्ही, मंजूर. अक्काने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी नऊ सोडायला बसलो होतो आणि समोरचे नऊ देत सुटले होते. पाहुणे आले की दिसणाऱ्या वस्तू होत्या त्या, कुणाच्याही रोजच्या कामात आड न येणाऱ्या. नववी मंजूर झाल्यावर अधीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, आता स्वल्प तुम्हीही समजून घ्या. मी न राहवून उठलो आणि खिशातली कडी टेबलावर ठेवली. नाणं घालून उघडून दाखवली. तिथला एक अधिकारी अधीक्षकांकडे बघून हसत म्हणाला, "अच्छा, म्हणजे यांचं दुकान आहे होय! मग कडी तर हवीच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, ते बसलो नाही. काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. कडी टेबलावर आपटली, काच तडकली, आणि मी दार लोटून बाहेर व्हरांड्यात गेलो. वाटलं, थोडा वेळ गेला की बोलावतील. गिऱ्हाईक सोडून निघालं की दुकानदार हाक मारतो, ही माझी आयुष्यभराची अक्कल. कुणी हाक मारली नाही. वीस मिनिटांनी अक्का बाहेर आली. तिने नऊ मंजूर, एक मागे घेतली, अशा कागदावर सही केली होती. मी विचारलं, का केलीस? ती म्हणाली, "तू नव्हतास ना तिथे."

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. सुमन बाहेर आली तरी अक्का न्हाणीच्या दारातून हलेना. जेवायला हाक मारली तरी तिथेच. झोप पुन्हा उडाली. पुढे त्या नऊ सूचनांप्रमाणे नवा वॉर्ड झाला, त्याच्या उद्घाटनाला फीत कापायला तिला बोलावलं होतं. तिने कात्री हातात घेतली आणि फीत न कापता मोठ्याने विचारलं, "कडी कुठे आहे?" पुन्हा विचारलं. पुन्हा. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. दोन नर्सनी हसत हसत तिला बाजूला नेलं. अधीक्षक मला म्हणाले, लक्षणं परत दिसताहेत, घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाका. घरी येऊन मी पेचकस घेतला आणि तिच्या खोलीची कडी काढली, न्हाणीची काढली. कड्या विकून ज्याने घर उभं केलं, त्या माणसाने. अक्का बघत उभी होती.

त्यानंतर दहा दिवसांनी ती भरदुपारी रस्त्यावर बसच्या पुढे जाऊन उभी राहिली. मी घाबरलो. सही केली. चार दिवसांसाठी म्हणून केली. बाबांनीही तसंच म्हणून केली होती.

नवा वॉर्ड सुंदर होता. पिवळा रंग, पडदे, कोपऱ्यात टीव्ही. अक्काच्या नऊ सूचनांमध्येच अक्काला ठेवलं होतं. मी आठव्या दिवशी भेटायला गेलो. एप्रिलचा उकाडा होता, पंखे फिरत होते. ती खाटेवर टेकून बसली होती, ओठ सुकलेले, जीभ जड झालेली. खाटेजवळच्या कपाटावर तिचा स्टीलचा पेला पालथा घातलेला, अगदी कोरडा. मी तो पाहिला. काय वाटलं मला तो पाहून? वाटलं, इथे भांडी स्वच्छ ठेवतात. मी तिला विचारलं, काही आणू का? ती म्हणाली, "मल्लम्माला जुन्याच वॉर्डात ठेवलंय." एवढंच. मी म्हणालो, बोलतो मी त्यांच्याशी. आणि गिऱ्हाईक यायची वेळ झाली म्हणून निघालो.

त्यानंतर पाचव्या दिवशी तो फोन आला. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी आटलं होतं, त्यात रोजच्या गोळ्या अंगावर उलटल्या, मूत्रपिंडांनी काम सोडलं. कसं झालं कळत नाही, पाणी तर भरपूर होतं. तिचं सामान घेऊन निघालो तर जुन्या वॉर्डाच्या जाळीमागून कुणीतरी हाक मारली. "इंदक्काचा भाऊ ना तू?" पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई. मल्लम्मा. तिनेच सांगितलं. नव्या वॉर्डात अक्काची जोडी नव्हती. उघड्या दाराने ती जाणार नव्हती. जावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणं सोडलं होतं. "पहिल्या वर्षीही असंच केलं होतं तिने," मल्लम्मा म्हणाली. "मग मी उभी राहायला लागले." मग तिने जाळीतून बोट घालून माझ्या हातातल्या पिशवीतल्या पेल्याला टेकवलं.

मी पुढच्याच आठवड्यात दोन डझन कड्या पिशवीत घालून इस्पितळात गेलो. फुकट देतो, बसवूनही देतो, म्हणालो. स्टोअरकीपरने पिशवीकडे पाहिलं आणि सांगितलं, समितीची मंजुरी लागेल. तुमच्याच माणसाने ही सूचना मागे घेतल्याची सही आहे. त्याने मला सही दाखवली. काजासारखं घट्ट अक्षर. पिशवी अजून दुकानात पडून आहे. समिती बसेल तेव्हा मी जाईन. या वेळी एकच गोष्ट मागेन, आणि ती मिळेपर्यंत व्हरांड्यात जाणार नाही.

आमच्या न्हाणीच्या चौकटीवर चार भोकं तशीच आहेत. कडी खणात आहे, पेचकस तिच्याच शेजारी. पाच मिनिटांचं काम. बसवायला गेलो तर सुमन म्हणाली, "राहू दे." ती आता दार नुसतं लोटून घेते. पहिल्या दिवशी आतून बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मी पेपर खाली ठेवला, उठलो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. काय बोलायचं ते सुचेना. अक्काला पडवळ सुचायचं, गच्चीतले कपडे सुचायचे. मला फक्त दुकान येतं. मग तेच म्हणायला लागलो... तीन इंची, चार इंची, सहा इंची, पितळी, लोखंडी, आठ इंची. मापं संपली तसा मी थांबलो.

आतून सुमनचा आवाज आला, "इद्दीया?"

मी म्हणालो, "इद्दीनी," आणि पुन्हा तीन इंचीपासून सुरुवात केली.