शेवटची पाच वाक्यं

माझं अक्षर वाईट आहे. अमरावतीच्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिथली मुलं फळ्यावरचं माझं लिहिणं एकमेकांना विचारून उतरवून घेतात. कथाही मी वहीत हातानेच लिहीत आलो. दिवाळी अंकांच्या आवाहनात ‘सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला’ असं असे, आणि टाइप करण्यासाठी न छापलेली कथा परक्याच्या हाती द्यायला मला संकोच वाटे. म्हणून माझ्या कथांच्या पक्क्या प्रती भाऊजी करत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यात कोर्टाबाहेरच्या टिनाच्या शेडखाली बसून त्यांनी उभं आयुष्य लोकांचे अर्ज लिहिले. गेल्या वर्षी ते गेले.

रविवारी सकाळच्या बसने मी वही घेऊन जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी जायचो. पहिल्यांदा वही उघडून ते म्हणाले, “काहून बे, हे लिह्यलं का कुरड्या वाळू घातल्या?”

“माह्या भावाले नावं ठेवू नका,” ताई आतून म्हणाली.

“नावं नाही ठेवून राहिलो, वाचून राहिलो. दोन्हीले सारखाच वेळ लागते.”

त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. डावीकडे ते चार बोटं समास सोडत, कोर्टाच्या फायलीत कागद शिवतात तसा. कथा संपली की पानावरच्या उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारत, खाली कोणी काही घुसडू नये म्हणून.

“कथेत कोण घुसडणार, भाऊजी?”

“माणसाचा भरोसा हाय का? मी पक्षकार बोलते तेवढंच लिहितो. आपला एक शब्द टाकत नाही.”

प्रत झाली की ते अकोल्यातूनच पोस्टात टाकत. मी ती पाहतही नसे. वर्षामागून वर्षं कथा परत आल्या. काहींबरोबर दोन ओळी असत, बऱ्याचशा तर परतही आल्या नाहीत. “तारीख पडली समज,” भाऊजी म्हणायचे, “पुढच्या तारखेले पाहू.”

मग मी ती कथा लिहिली. एका माणसाची पाच महिन्यांची मुलगी जाते. तिला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून कामावर जातो. त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. बायको दार लावून घेते. कथा तिथे संपत होती. कथेतलं घर कोणाचं, हे ताई-भाऊजींपासून लपण्यासारखं नव्हतं. ताईने फार पूर्वी मला एवढंच सांगितलं होतं, “त्यायच्या डोयात पाणी नाही आलं.” तेवढ्यावरून मी कथा रचली. त्या दोघांना विचारलं नाही. आणि ती वही मी भाऊजींच्याच हाती दिली. ते नुसतं उतरवतात, वाचत नाहीत, अशी परतीच्या बसमध्ये मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, “पाठवली.” अक्षराबद्दल त्या दिवशी काही बोलले नाहीत.

श्रावणात संपादकांचा फोन आला. कथा घेतली होती. भाऊजींनी मला पेढे आणायला लावले आणि शेडखाली सगळ्यांना वाटले. भाद्रपदात, सकाळी दाढी करताना, छातीत कळ येऊन ते गेले. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. अंक टपालाने आला तसा, पाकीट न फोडता, मी कपाटात ठेवून दिला.

थंडीत अमरावतीच्याच एका प्रकाशकांनी बोलावलं. त्यांनी अंकातली कथा वाचली होती. माझ्या वह्या कशाबशा वाचून झाल्यावर ते म्हणाले, “बाकीच्या कथा बऱ्या आहेत. पण त्या कथेची शेवटची पाच वाक्यं वाचूनच मी पुस्तकाचं ठरवलं.”

कोणती पाच वाक्यं, हे मला समजेना. मी मान डोलावली, घरी आलो आणि पाकीट फोडलं. बायको दार लावून घेते, त्याच्या खाली छापलं होतं:

‘दुपारच्या सुट्टीत तो डबा घेऊन नदीवर गेला. तिला जिथे ठेवलं होतं तिथे एक बाभूळ होती. सावलीत बसून त्याने अर्धी पोळी खाल्ली, अर्धी खाली उतरली नाही. असं त्याने पुढे पुष्कळ वर्षं केलं. घरी कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.’

ती वाक्यं माझी नव्हती. ठेवावी तर दुसऱ्याचं लिहिणं माझ्या नावाने जाणार होतं. काढावी तर पुस्तक हातचं जाणार होतं, आणि मी भाऊजींवर केलेला आरोप तेवढा उरणार होता. मी अंक घेऊन अकोल्याला गेलो आणि ताईला वाचून दाखवलं.

तिने ती पाच वाक्यं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, “डब्यात रोज अर्धी पोळी परत येत होती. मले वाटे, माह्या हातची आवडत नाही. भांडली मी त्याच्यावरून.”

आमच्यात बाया स्मशानात जात नाहीत. लेकरू कुठे ठेवलं, हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

“हे काढू का, ताई?”

“काढू नको. जागा सांगणारं तेवढंच हाय.”

“त्यांचं नाव टाकू?”

“नाव नको. लोक मले विचारत येतीन.”

एका दुपारी आम्ही मोर्णा नदीच्या काठाने चाललो. बाभूळ कुठे दिसली नाही. काठ बांधून काढलाय. ताई दोनतीन ठिकाणी थांबली, पण बसली नाही.

प्रकाशकांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “घरच्यांची हरकत नाही ना? मग राहू द्या.” पुस्तक आलं. लोक शेवटाबद्दल बोलतात आणि मी ऐकून घेतो.

हे लिहिण्याआधी मात्र मी ताईला विचारलं. “लिह्य,” ती म्हणाली, “पण डोयात पाणी नाही आलं म्हणून मी बोलली होती, ते पुस्तकातून खोडून टाक.”

मी हो म्हणालो. ते छापून झालंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.