बसचं ॲप अडकलं त्यानंतरची बैठक

प्रकल्प संपला की मला बोलावलं जायचं. ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल हे त्यांच्याकडून बोलून घ्यायचं आणि साहेबांना थोडक्यात लिहून द्यायचं, हे माझं काम. ऑफिसात सगळे त्याला ‘रेट्रो’ म्हणत. इथे कोण काय बोललं ते नावासकट बाहेर जाणार नाही, असं मी सुरुवातीलाच सांगायचे आणि ते पाळायचे. म्हणूनच लोक माझ्यासमोर बोलायचे.

आम्ही दिल्लीत द्वारकेला राहतो. नवरा सरकारी नोकरीत, मुलगी त्या वर्षी दहावीला, माझं ऑफिस गुडगावला. तो नोव्हेंबर असा होता की खराब हवेमुळे मुलीची शाळा बंद करून वर्ग फोनवर चालले होते. आमचं ऑफिस मात्र चालू. घराच्या खिडक्या बंद, कॅबच्या काचा बंद, ऑफिसच्या काचा तर उघडतच नाहीत.

आमच्या एका टीमने शाळेच्या बसचं ॲप केलं होतं. बस कुठे पोचली ते पालकांना फोनवर दिसायला हवं होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या त्याच सकाळी ते अडकलं. सगळ्या बस डेपोतच उभ्या दिसत होत्या, आणि इकडे बस येऊन निघून गेली तरी मुलं घरातच. टीमने धावपळ करून ते नीट केलं, पण शाळावाले चिडले ते चिडलेच.

बैठकीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, “मॅडम, सबको खुलके बोलने दीजिए. बस मुझे इतना बता दीजिएगा कि ढिलाई किसकी थी.”

“सर, नाम तो मैं नहीं देती.”

ते हसले. “अरे, नाम कौन माँग रहा है? इशारा काफ़ी है.”

त्या टीममध्ये टेस्टिंग करणारा एकच जण होता. लातूरकडचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आला, संधी संपल्या, तसंच गावी परतायची हिंमत होईना, म्हणून त्याने ही नोकरी धरली. मराठी बोलायला मिळतं म्हणून दुपारी माझ्याबरोबर डबा खायचा. बैठकीला जाताना दाराशी त्याने हळूच विचारलं, “ताई, खरं बोललं तर चालेल ना?”

“त्यासाठीच तर बसतोय,” मी म्हणाले.

आतली खोली मिळाली होती, खिडकी नसलेली. हवा साफ करणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. सगळ्यांनी पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून दिलं: समन्वय वाढवावा, नियोजन चांगलं हवं. असलं कुठल्याही प्रकल्पाला चालतं. शेवटी मी सरळ विचारलं, की असं होणार याचा कोणाला आधी अंदाज होता का?

टेस्टिंग करणारा तो बोलला. “था. थोड़ी बसों पर चलता था, सब पर डालो तो अटकता था. मैंने सर को बताया था. सर बोले, तारीख़ नहीं हिलेगी.”

त्याच्या शेजारची प्रोग्रामर मुलगी म्हणाली, “मैं भी वहीं थी.” सर म्हणजे आमचे साहेबच. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, “तो?” मी म्हटलं, अडचण आधी कळली होती असं टीमचं म्हणणं आहे. ते शांतपणे म्हणाले, “मतलब टेस्टिंग कमज़ोर थी. यही ना?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कोण बोललं ते सांगितलं तर बोलल्याबद्दल त्याला काढतील. नाही सांगितलं तर खापर टेस्टिंगवर फुटेल, आणि टेस्टिंग म्हणजे तो एकटाच.

घरी येऊन मी सोफ्यावर बसून राहिले. मुलीने काय झालं म्हणून विचारलं. “कोंडल्यासारखं होतंय गं.”

“कोंडल्यासारखं म्हणजे?” ती इथेच वाढलेली, तिला हा शब्द माहीत नव्हता. “घुटन?”

“हो, तेच.” तिने उठून पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी त्याला सगळं सांगितलं. “तुझं नाव न घालता लिहिते, की टीमने वेळेवर सांगितलं होतं. पण साहेब ओळखतील.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर टेस्टिंग कमी पडलं असं होईल.”

तो हसला. “म्हणजे चारही पर्याय चूक असलेला प्रश्न आला, ताई.” मग डब्याचं झाकण लावत म्हणाला, “लिहा तुम्ही. खोट्या ठपक्यावर जाण्यापेक्षा ते बरं.”

मी लिहिलं आणि पाठवण्याआधी टीमला दाखवलं. त्या मुलीने बरोबर आहे म्हणून कळवलं. बाकीच्यांनी वाचलं, पण उत्तर दिलं नाही. साहेब म्हणाले, “अच्छा लिखा है. यह लाइन ज़रा सॉफ़्ट कर दीजिए.”

“लाइन मेरी नहीं है सर, टीम की है.”

त्यांनी वाद घातला नाही. वर पाठवताना ती ओळ स्वतःच काढून टाकली, हे मला नंतर कळलं.

त्याला काढलं नाही. त्याला बेंचवर ठेवलं, म्हणजे रोज यायचं, कार्ड लावून आत शिरायचं आणि काम नसताना संध्याकाळपर्यंत बसायचं. येता-जाता मला त्याची पाठ दिसायची. मी साहेबांना म्हटलं, यापुढे रेट्रो मी घेणार नाही. त्यांनी अगदी काळजीने विचारलं, “फिर आप यहाँ करेंगी क्या?” नवरा म्हणाला, सोड नोकरी, बघू. मी दुसरीकडे अर्ज केले. एक-दोन ठिकाणी मुलाखतीही दिल्या. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. पुढची बैठक आली, ती मी घेतली.

होळीच्या आधी त्याने राजीनामा दिला. मग एका रविवारी आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, मराठी जेवण मिळतं तिथे, जेवायला भेटलो. तो आता एका क्लासमध्ये परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवत होता. अंगाने थोडा भरला होता.

“तुमच्यावर राग नाही हं ताई,” तो आपणहून म्हणाला. “बेंचवर मात्र नको नको व्हायचं. कोणी रागावत पण नव्हतं हो. चहाला बोलवायचे.”

मी वरण त्याच्याकडे सरकवलं.

“तुमचं चालू आहे का अजून ते?”

“उद्या आहे एक.”

मंडी हाउसला त्याचा निरोप घेऊन मी मेट्रोत चढले. बसायला जागा मिळाली. द्वारका यायच्या आधी साहेबांचा मेसेज आला: ‘कल मैं भी बैठूँगा, एक कोने में. आप शुरू करवा दीजिएगा.’ मी दोन स्टेशनं तो तसाच ठेवला. मग ‘जी सर’ लिहून पाठवलं आणि उतरले.