विंगेतला विंगर
काल मैदानावर शेजारच्या मुलीने गुडघ्यावर वेदनाशामक स्प्रे मारला आणि त्या झोंबऱ्या वासाने मला इथल्या, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळाचं स्टेज आठवलं. त्या वर्षीचा प्रमुख पाहुणा आमच्या मुलांचा फुटबॉल कोच होता. स्पेनमध्ये बारा वर्षं उजव्या कडेने धावून दुसऱ्यांच्या गोलांसाठी चेंडू पुरवणारा विंगर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इथे दोन सीझन खेळून थांबलेला. लोकांशी मराठीत बोलायचं म्हणून तो तीन आठवडे माझ्याकडे एक वाक्य घोटत होता. अध्यक्षांचं भाषण चालू असताना तो सव्वा तास माझ्याशेजारी, पडद्याआड विंगेत उभा राहिला आणि मधूनमधून गुडघ्यावर स्प्रे मारत राहिला. भाषणात त्याचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकीचं. शेवटी अध्यक्ष आत येऊन मला म्हणाले, "पुलाव गार होतोय यार, त्याचं स्पीच कॅन्सल कर. शाल, नारळ, फोटो, बस." मी म्हणालो, "काका, ते मराठीत बोलणार आहेत." "विंगर आहे ना? मग विंगेतच शोभतो!" स्वतःच्या कोटीवर ते खदखदून हसले. फोटो झाल्यावर मी त्याला पार्किंगपर्यंत सोडायला गेलो. गाडीचं दार उघडण्याआधी तो माझ्यासमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यापुढे बोलायला मिळालं, हा माझा सन्मान आहे." 'मिळालं'मधला ळसुद्धा अचूक होता. आजही त्या अध्यक्षांची कॉलर धरावीशी वाटते, आणि मग आठवतं, त्यांच्या कोटीवर मीही हसलो होतो.