तीन हजार डॉलर आणि हत्ता सीमेपर्यंतची तालीम

शनिवारी डोंगरातल्या हत्ता धरणावर सहलीला जाऊ, असं मी घरी सांगितलं तेव्हा अर्धंच खरं सांगितलं होतं.

त्या आठवड्यात बातम्या बिघडल्या होत्या. विमानं वळवली जात होती, ऑफिसात सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले. युद्धाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणायचं, "इन्शाल्ला, कुछ नहीं होगा." माझ्या शेजारच्या टेबलावरचा उस्मान मात्र असं म्हणत नाही. तो सुदानचा. त्याच्या शहरात लढाई सुरू झाली तेव्हा बँका बंद पडल्या. कार्ड खिशात, पैसे खात्यात आणि बसवाला मागतोय फक्त डॉलर. हे त्याच्याकडून ऐकल्यापासून दोन वर्षं मी पगारातून थोडे थोडे डॉलर घेऊन ठेवत होतो. वृंदाला, माझ्या बायकोला, न सांगता.

गुरुवारी ऑफिसातून परस्पर शारजात रोल्लाच्या मनी एक्स्चेंजमध्ये गेलो आणि शेवटचे पाचशे डॉलर घेतले. काउंटरवरचा मल्याळी माणूस हसला. "भाई, दिरहम तो डॉलर से ही बंधा है. बदल के क्या फायदा?"

"दिरहम यहाँ चलता है. डॉलर सब जगह."

(तुम्ही घेणार असाल तर कोऱ्या नोटा मागून घ्या. शाई लागलेल्या, फाटक्या नोटा घ्यायला पुष्कळजण कुरकुरतात.) तीन हजार पूर्ण झाले. म्हणजे अकरा हजार दिरहम, रुपयांत अडीच लाखांच्या वर.

शनिवारी सकाळी सातला अल कुसैसच्या घरून निघालो. वृंदाने थालीपीठं बांधून घेतली होती. मागच्या सीटवर अकरा वर्षांची ईरा, कानात हेडफोन. एमिरेट्स रोड, मग मलेहाची लाल वाळू, मग वाळू संपून उघडेबोडके डोंगर. दीड तासाचा सुंदर रस्ता आहे. वाटेत करक चहा मिळतो, दीड दिरहम. मला तो गोड लागला की अगोड, आठवत नाही. मी मिनिटं मोजत होतो, पेट्रोलचा काटा बघत होतो. विमानतळ बंद झालाच तर ओमानात शिरून मस्कतहून विमान धरायचं, असा माझा बेत. आज त्याची रंगीत तालीम होती.

"अरे, धरणाचा फाटा गेला," वृंदा म्हणाली.

"जरा पुढे बघून येऊ."

सीमेच्या अलीकडे गाड्यांचा विमा काढून देणारं एक छोटं ऑफिस होतं. तिघंही आत गेलो. ओमानसाठी गाडीचा वेगळा विमा लागतो, हेच मला माहीत नव्हतं. तो तिथे मिळणार होता. तिथल्या माणसाने सहज पासपोर्ट मागितले आणि ईराचा उलटसुलट करून बघितला.

"बच्ची का चार महीने में खलास हो रहा है. छह महीने की व्हॅलिडिटी चाहिए. नहीं जाने देंगे."

दोन वर्षं तयारी केली आणि पोरीच्या पासपोर्टवरची तारीख बघितली नव्हती.

"बाबा," ईराने हेडफोन काढले, "आर वी रनिंग अवे?"

वृंदाने पासपोर्ट उचलले. माझ्या बॅगेत ते परत ठेवताना तिच्या हाताला जाड पाकीट लागलं. ते तिने गाडीत बसल्यावर उघडलं.

"किती?"

मी सांगितलं.

"माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे बघू म्हणालास. हात तंग आहे म्हणालास."

"हे अडचणीसाठी ठेवलेत गं."

"सहा महिने ती जिना उतरलेली नाही. ती अडचण नाही?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला जास्त लागत होतं. "आणि तू ऑफिसात असताना काही झालं असतं तर? हे पाकीट आहे, एवढं तरी आम्हाला माहीत होतं?"

मी गाडी वळवली. धरणावर ईरासाठी कयाक, छोटी होडी, भाड्याने घेतली. पाणी हिरवंगार, भोवती डोंगर. तुम्ही जरूर जा, उन्हं चढायच्या आत. आम्ही दोघांनी काठावर बसून थालीपीठं खाल्ली, एकमेकांकडे न बघता. शेवटी वृंदाच म्हणाली, "दोन हजार आईला पाठवायचे. हजार माझ्याकडे राहतील." मी हो म्हणालो. परतीच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा ती वाळू दिसली.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. ईराचा पासपोर्ट नवा आला. सीमा बंद झाली नाही, विमानं पुन्हा वेळेवर उडायला लागली. तरी मी सकाळी उठल्याबरोबर आधी बातम्याच बघतो.

परवा वृंदाने ईराला कपाटापाशी नेलं. डॉलर कुठे आहेत ते दाखवलं, रत्नागिरीच्या आजीचा पत्ता मराठीत पाठ करून घेतला. ईराने अडखळत तीनदा म्हणून दाखवला.

"काही झालं आणि आम्ही सोबत नसलो, तर हे घ्यायचं आणि आजीकडे जायचं. कळलं?"

"ओके," ईरा म्हणाली. "अँड व्हेन डू आय कम बॅक होम?"

वृंदाने माझ्याकडे बघितलं. पळायचं कसं, याचा मी दोन वर्षं विचार केला होता. परत यायचा एकदाही नाही.